नाव न लिहिता न्यायचं औषध

मेपल गॅप, वेस्ट व्हर्जिनिया
४ मार्च २०२३

चि. ग्लेनास, अ. आ.

इकडे सगळं ठीक. तुझा कोल्बी टायरच्या दुकानात वेळेवर जातो आणि घरी आला की माझा राजमा आणि मक्याचा पाव ताट पुसून खातो. नशामुक्ती केंद्रातून आला तेव्हा गालफडं बसली होती, आता भरलीत.

बातमी म्हणजे आम्ही चर्चच्या दाराशी एक पेटी लावली. नशेच्या गोळ्या जास्त होऊन कुणाचा श्वास बंद पडला, तर नाकात फवारायचं औषध त्यात असतं. फुकट येतं, फुकटच न्यायचं. पण तीन आठवड्यांत एक पुडकं हललं नाही. आमच्या महिला मंडळाची आयमोजीन फार दुखावली. चर्चच्या जेवणाला कोण काय आणणार ते लिहायचा कागद असतो ना, तसाच तिनं पहिल्याच दिवशी पेटीलाही अडकवला होता, दोरीला पेन्सिल बांधून: नाव, फोन, किती नेली. कोल्बी तो पाहून पोट धरून हसला. म्हणाला, मावशी, बटाट्याच्या सॅलडपुढे नाव घालणं वेगळं, इथे कोण घालेल? मला मात्र त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. चाळीस वर्षांत आम्ही कागदाशिवाय भांडीसुद्धा विसळली नाहीत.

तब्येत सांभाळ. तुझी खुशाली कळली की बरं वाटतं.

तुझी ताई,
रीबा

डेटन, ओहायो
११ मार्च २०२३

ती. रीबाताईस, सा. न. वि. वि.

आयमोजीनला सांग, स्वर्गाच्या दारातही तीच वही घेऊन बसणार आहे. मी कामाची पाळी संपेपर्यंत आठवून हसत होते.

पण ताई, एवढं लिहिलंस आणि एक लिहिलं नाहीस. तुझ्या घरात ते औषध आहे का? कोल्बी केंद्रातून सुटला तेव्हा तिथल्या नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की सुटल्यानंतरचे महिनेच वाईट. शरीराची सवय मोडलेली असते, जुन्या मापानं एकदा जरी घेतलं तरी खेळ खलास. तू घाबरशील म्हणून बोलले नाही. कारखान्यात खिशातला फोन थरथरला की मी आधी तुझा नंबर आहे का ते पाहते. तुला कागदावर नाव घालायची लाज वाटत असेल, तर माझं घाल. सहा फुटी घोडा झालाय, पण मला तो एकच आहे.

जास्त बोलले असेन तर पोटात घाल आणि माया कमी करू नकोस.

तुझी,
ग्लेना

मेपल गॅप
२५ मार्च २०२३

चि. ग्लेनास, अ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर चिडले होते, कारण तू बरोबर होतीस. मी तीन वेळा पेटीपाशी गेले आणि कागद पाहून परत फिरले. गावाला कळेल याची लाज होतीच. त्याहून मोठी भीती कोल्बीची. घरात औषध दिसलं तर मावशीचा आपल्यावर भरवसा नाही असं त्याला वाटेल.

शेवटी रविवारी प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर तो कागद फाडला. आयमोजीन चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बुधवारपर्यंत पेटी रिकामी. दोन पुडकी तिनंच नेली होती, मुलीच्या घरासाठी. पेटी पुन्हा भरल्यावर एक मी उचललं, पिशवीत पावाखाली घातलं आणि घरी आणलं.

जेवण झाल्यावर त्याच्यापुढे ठेवलं. काय बोलायचं ते वाटभर घोकलेलं सगळं विसरले आणि रडायलाच लागले. तो उठला, भांड्यांच्या कपाटातून माझा केकचा साचा काढला. त्यात अगदी तसंच पुडकं होतं. आला त्या दिवसापासून ठेवलंय म्हणे. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस. म्हणाला, सांगितलं असतं तर तुला रात्रभर झोप लागली नसती, मावशी. आणि मग मान खाली घालून म्हणाला, पण हे माझं मला देता येत नाही ना.

ग्लेना, मग मला शिकवायला तो स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा झाला आणि मी गुडघे मोडून त्याच्याशेजारी बसले. आधी मदतीला फोन करायचा, मान मागे कलवायची, नळी नाकात घालून दट्ट्या पूर्ण दाबायचा, शुद्ध येत नसेल तर दोन-तीन मिनिटांनी पुडक्यातला दुसरा फवारा, आणि सोडून जायचं नाही. पुडकं न फोडता, नुसतं खोटं खोटं, त्यानं मला तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणाला, आता जमलं.

तुझ्या लेकाला माझ्याकडे राहू दे.

तुझी ताई,
रीबा