टोपलीतल्या मापांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे तेवीस, कपडे शिवणाऱ्या बाबांची धाकटी मुलगी, काम संगणक-वर्गात शिकवणे, आज मंगळवारी पूर्ण शुद्धीवर, पोटभर जेवून आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहीत आहे. आई शेजारून "बंद कर ते अभद्र" म्हणत आहे. तो दबाव धरू नये.

कारण असे की, गुरुवारी माझ्या नाकातले वाकडे हाड सरळ करणार आहेत. दवाखान्याचा संमतीचा अर्ज चार पानांचा आहे. आमच्या घरात असले अर्ज न वाचता सही करून परत द्यायची रीत आहे. मी घरातली पहिली पदवीधर, म्हणून वाचला. तिसऱ्या पानावर भुलीविषयी जे छापले आहे, ते वाचून हा कागद करायचे ठरवले.

"अगं, नाकानं कुणी मरतं का?" ताई म्हणाली.

"'क्वचित' असं छापलंय."

"क्वचित म्हणजे नाही."

"क्वचित म्हणजे क्वचित, ताई."

घरातला एकुलता एक संगणक सध्या बंद असल्यामुळे हा मजकूर हाताने लिहिला आहे. तो का बंद आहे, ते पुढे येईल.

कलम एक. माझी सर्व पुस्तके, खिडकीजवळचे टेबल आणि संगणक-वर्गातली एक जागा ताईला मिळावी. जागेबद्दल वर्गाच्या बाईंशी बोलून ठेवले आहे. मी शिकावे म्हणून ताईने शाळा सोडून दुकानात काजे-बटणे केली. ती "या वयात?" असे म्हणेल. ती एकोणतीस वर्षांची आहे. तिचे ऐकू नये.

कलम दोन. मोठ्या काकांना माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स फ्रेम करून द्यावी आणि ते बसतात त्या खुर्चीच्या बरोबर समोर टांगावी. बारावीच्या निकालादिवशी आमच्याच घरी चहा पीत ते म्हणाले होते, "पोरगी शिकून काय दिवे लावणार आहे?" मूळ प्रत देऊ नये, ते तिच्यावर कप ठेवतील. त्यांच्या मोबाइलमधून उडालेले नातवाचे फोटो मी दोनदा परत आणून दिले. त्यांनी ही गोष्ट कुठेही सांगितलेली नाही, म्हणून येथे नोंदवत आहे.

कलम तीन. आईने माझ्या वस्तूंपैकी हवे ते घ्यावे. माझा मोबाइल मात्र उघडून पाहू नये. त्यात काही नाही. तरी पाहू नये.

कलम चार. संगणक बाबांना मिळावा. पण तो कोणीही, कोणत्याही कारणासाठी, "एकच मिनिट" म्हणूनसुद्धा सुरू करू नये.

याचे कारण बाबांना कळेल असे लिहिते. दुकानातल्या फळीवर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडाचे बोचके असते आणि त्याला नावाची चिठ्ठी टाचलेली असते. संगणकात फाईल पुसली की बोचके जळत नाही. फक्त चिठ्ठी निघते. कापड होते तिथेच असते, पण यंत्राला ती जागा रिकामी वाटते आणि पुढचे काम आले की ते तिथे ठेवले जाते. तसे झाले की खालचे गेले ते गेले. नव्या प्रकारची यंत्रे अशा रिकाम्या जागा आपल्या आपण पुसून घेतात. आपले जुने, तबकडी फिरणारे आहे, म्हणून आशा आहे. माझे काही बरेवाईट झाल्यास तबकडी काढून, हरवलेला मजकूर परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. तोवर बाबांनी त्यावर पत्तेही खेळू नयेत.

कलम पाच. आता हरवले काय, ते.

एकतीस वर्षांत बाबांनी घेतलेली सगळी मापे. कोणाचा उजवा खांदा उतरता आहे, कोण पोट आत घेऊन माप देते, म्हणून दोन बोटे जास्त धरायची, हे सगळे. दोन वर्षांपूर्वी मी त्या अठरा वह्या संगणकात उतरवल्या. "बाबा, तू घाबरू नकोस, यंत्र चावत नाही," असे म्हणून त्यांना शिकवले आणि वह्या रद्दीत घातल्या. जुने जपून ठेवणे म्हणजे मागासलेपण, असे तेव्हा माझे मत होते.

बाबांच्या कापणीच्या टेबलाखाली एक टोपली आहे. उरलेले कापड, कॉलरचे तुकडे, अस्तर, सगळे तिच्यात. तिच्यातले काहीही कधी फेकले गेलेले नाही. आमच्या घरात "टोपलीत टाक" याचा अर्थ जपून ठेव. संगणकाच्या पडद्यावरही टोपलीचे चित्र आहे. बाबा रोज सकाळी त्या टोपलीतून मापांची फाईल बाहेर काढायचे, दिवसभर वापरायचे आणि दुकान बंद करताना परत टोपलीत टाकायचे. दोन वर्षे. मला माहीत नव्हते. माझ्या वर्गात पहिल्याच तासाला मी सांगते की टोपली वेळोवेळी रिकामी करावी.

(येथे एक ओळ खोडली आहे. मूळ मजकूर: "वीज गेल्यामुळे फाईल गेली." शेजारी सही केली आहे.)

टोपली मी रिकामी केली. अकरा दिवसांपूर्वी, यंत्र हळू चालते म्हणून, चांगल्या हेतूने. त्यानंतर ते अर्धा दिवस चालू होते. तेवढ्यात कोणाच्या बाहीवर काय येऊन बसले, सांगता येत नाही. बाबा म्हणाले, "माझाच हात लागला वाटतं कुठंतरी." मी म्हटले, "तुम्ही काळजी करू नका, मी बघते." खरे बोलले नाही. भुलीतून उठले नाही तर बाबा जन्मभर स्वतःच्या हाताला दोष देत राहतील. हे मृत्युपत्र खरे तर एवढ्याचसाठी आहे.

पुरवणी, त्याच दिवशी, संध्याकाळी.

साक्षीसाठी वकिलांचे कारकून आले. ते बाबांचे गिऱ्हाईक आहेत. मृत्युपत्रातली चूक गिरबटायची नसते, एक आडवी रेघ मारून शेजारी सही करायची, म्हणजे खालचे वाचता येते, हे त्यांनीच शिकवले होते. नियम पाळला की नाही ते पाहायला त्यांनी खोडलेली ओळ मोठ्याने वाचली आणि त्याच सुरात पुढची. बाबा मशीनवर होते. मशीन थांबले.

"ठाऊक होतं," बाबा म्हणाले.

"कसं?"

"अकरा दिवस मला 'तुम्ही' म्हणतेयस. या घरात 'तुम्ही' फक्त गिऱ्हाइकाला म्हणतात. म्हटलं, पोरगी कधी सांगते बघू."

"आणि मापं?"

"मिळाली तर बघू. नाहीतर परत घेऊ. एकतीस वर्षांत माणसं काय तेवढीच राहिलीत?" मग कारकुनांकडे वळून म्हणाले, "तुमचंच बघा. कंबर छत्तीस लिहिलेली होती. मी गुपचूप चाळीस कापतो."

कारकुनांनी कागदात डोके घातले.

बाबांच्या सांगण्यावरून पुढील कलम घालत आहे.

कलम सहा. गुरुवारनंतर धाकटीने रोज संध्याकाळी दुकानात बसून प्रत्येक गिऱ्हाइकाचे माप नव्याने उतरवून घ्यावे. वहीत.

कारकून म्हणाले, "हे मृत्युपत्रात बसत नाही हो. हे कलम पाळायचं तर मृत्युपत्र करणारी जिवंत पाहिजे."

"तेच तर," बाबा म्हणाले. "घाल गं."

घातले आहे.

सही: धाकटी

साक्षीदार पहिले: वकिलांचे कारकून (कलम सहाबद्दल हरकत नोंदवून)
साक्षीदार दुसरी: समोरची इस्त्रीवाली मावशी (हरकत नाही)

स्थळ: कापणीचे टेबल
दिनांक: नऊ, मंगळवार, दिवेलागणीला