जबरजदाच्या जागी तुरमली

७ फेब्रु. ९४, सोम.
शेवंताबाई आल्या. राहतात पेणकडे, खाडीवरच्या गावात. माहेर रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावचं, म्हणून दागिन्यांचं काम आमच्याच दुकानात, रोह्याला. नवऱ्याची अंगठी लेकीच्या बोटापुरती लहान करायचीय, मे महिन्यात लग्न. नवरा बोटीवर खलाशी होता, वारला. हिरवा खडा त्यानेच कुठल्याशा बंदरातून आणलेला.
म्हणाल्या, "जबरजद हाय, ते सांगायचे."
मी बघितल्यासारखं केलं. "तुरमली आहे, बाई, तीही हिरवीच असते. बोटीवरच्या माणसाला काय कळतं खड्यातलं."
असं बोलायची काय गरज होती? पण बोलून बसलो.

१० फेब्रु., गुरु.
कोंदण जुनं, मोडेल म्हणून खडा काढलाच नाही. अंगठी कापून लहान केली, खडा ओल्या कापसात गुंडाळून सांधा दिला. मग काळपटपणा जावा म्हणून अंगठी तेजाबाच्या गरम पाण्यात टाकली आणि जेवायला गेलो. तुरमलीला तेजाब काही करत नाही. परत आलो तर खडा पांढुरका, खरवडल्यासारखा.
जबरजदच होता. त्याला तेजाब बाधतं. भिंगातून त्याच्या मागच्या कडा ठळक दुहेरी दिसतात. एका कोपऱ्यातून अजून दिसतायत. सोमवारी भिंग हाताशीच होतं.

१२ फेब्रु., शनि.
ड्रॉवरमधली तुरमली बसवली. नेमकी मापाची निघाली.
सकाळपासून मनाची समजूत घालतोय. तुरमली जास्त कठीण, चरे कमी पडतात. रंगही जवळचा. जबरजदात पिवळसर तेलकट झाक असते तेवढी हिच्यात नाही, आणि ही एका बाजूने बघितली तर काळोखी दिसते, एवढंच. म्हणजे बाईंना टिकाऊ माल मिळाला. म्हणजे मी म्हणालो तेच खरं झालं, अंगठीत आता तुरमलीच आहे.
शी.
बाई आल्या, अंगठी डोळ्यांना लावली. "लय चकचकीत केलीत, दादा." मी काहीतरी शोधायचं निमित्त करून आत गेलो.

१८ एप्रिल, सोम.
शेवंताबाई परत, लेकीला घेऊन. अंगठी रोज सांजेला नवऱ्याच्या फोटोपुढे, दिव्याला लागून ठेवतात आणि त्याच्याशी बोलत बसतात.
"दादा, हिला उदबत्तीची राख चिकटते. पुसली तरी परत. आदी नाय चिकटायची."
तिथेच कळलं. तुरमली तापली की धूळ, राख ओढून घेते. जबरजद नाही ओढत. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, दोन्ही खडे ओळखायची हीच तर युक्ती शिकवली होती मला.
म्हणालो, "नवीन पॉलिश आहे. जाईल."
"पॉलिश नाय वो. त्यांच्या मनात नाय ही सोयरीक. तेच सांगतायत. मी लगीन मोडते."
लेक दाराशी उभी होती. डोळे सुजलेले. तिच्यासमोर मी पुन्हा पॉलिशचंच बोललो.

२० एप्रिल, बुध.
स्टँडपर्यंत गेलो. पेण गाडी लागली होती, बसायला जागाही होती. परत आलो. घरी बायकोला सांगितलं, गाडी चुकली. आता हिच्याशीही खोटं.
मुलीचं लग्न मोडतंय आणि मी माझी अब्रू सांभाळतोय. रोह्यात तीस वर्षं खडे पारखणारा म्हणून...

२१ एप्रिल, गुरु.
गेलो. बाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या, लेक शेजारी. बसा म्हणाल्या, ते ऐकलं नाही. खिशातली पुडी सोडून पांढुरका खडा पाटावर ठेवला.
"हा तुमच्या मालकांचा. माझ्या हातून खराब झाला. जबरजदच होता, ते बरोबर सांगत होते. अंगठीत मी दुसरा बसवला. राख त्या दगडाच्या गुणाने चिकटते, बाई. मालकांचं काही म्हणणं नाही त्यात."
वाटलं होतं शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.
बाईंनी अंगठी आतून आणून खड्याशेजारी ठेवली. मग हळूच म्हणाल्या,
"मंग दोन म्हैने सांजच्याला मी कोनाशी बोलत व्हते?"
लेकीने विचारलं, "आये, लगीन?" बाईंनी खडा पदराच्या टोकाला बांधला आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं. अंगठी पाटावरच. घेऊन जा म्हणाल्या नाहीत, ठेवा म्हणाल्या नाहीत. मी तशीच सोडून आलो.