बेचाळीस दारांची फेरी

९ नोव्हेंबर, रविवार सकाळ

प्रिय धाकट्या,

तुला, तुझ्या बायकोला आणि दोन्ही पोरांना भरभरून आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. माझी कंबर अधूनमधून कुरकुरते, पण ती माझ्यासारखीच आहे, कुरकुर करत का होईना कामाला जाते. दातांच्या दवाखान्यातली माझी सकाळची नोकरी चालू आहे. दिवसभर लोक आ वासून बसतात आणि मी त्यांना पुढची तारीख देते.

तू पाठवलेला देखभाल केंद्राचा फॉर्म मिळाला. तू म्हणालास, "ताई, घरच्या माणसाने स्वतःच्या अक्षरात बाबांची लक्षणं लिहून द्यायची, तिथल्या डॉक्टरांची तशी पद्धत आहे. दोन पानं खरड." तर खरडते. फोनवर तसंही मोकळं बोलता येत नाही. बाबांची खाट फोनपासून तीन पावलांवर आहे.

गेले पाच आठवडे बोलणं कमी झालंय. जेवण अर्ध्यावर आलंय. दाढी मावशींनी आठवण केल्याशिवाय होत नाही. (मावशी म्हणजे मी कामावर असताना बाबांजवळ बसणाऱ्या बाई, हे डॉक्टरांसाठी.) आणि मुख्य म्हणजे फोटो बघणं बंद झालंय.

हे फोटोंचं डॉक्टरांना नीट सांगायला हवं. खरं तर तुलाही. तू दोन वर्षांतून एकदा येतोस, तेव्हा तुला ती गंमत वाटते. मागच्या वेळी तू माझ्याबरोबर फेरीला आलास, अकराव्या दारापर्यंत हसलास आणि मग तुला कोणाचा तरी फोन आला.

बाबा चौतीस वर्षं पोस्टमन. शेवटची वीस वर्षं एकच भाग: आपला रस्ता, पुढचा चौक आणि टेकाडापर्यंतची गल्ली. बेचाळीस दारं. सहा वर्षांपूर्वी मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन फसलं आणि ते खाटेवर आले. पहिल्या महिन्यात त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांना बरं वाटावं म्हणून एका संध्याकाळी मी फिरून आले आणि मोबाइलवर काढलेले चार-पाच फोटो दाखवले. केवढे खूश झाले! म्हणाले, "नऊ नंबरने कुंपण रंगवलं वाटतं. आणि दहा कुठंय?"

तिथे मी फसले. दुसऱ्या दिवशी दहा काढला, मग अकरा राहिला म्हणून ओरडा. आठवड्याभरात पद्धत ठरली. चार वाजता निघायचं. जाताना विषम नंबर, येताना सम, अगदी टपाल टाकायच्या क्रमाने. प्रत्येक दाराचा एक फोटो, नंबर दिसला पाहिजे. हलला तर परत जाऊन काढायचा. मग मोठ्या टॅबवर एकेक फोटो भिंग लावून बघणार आणि मी शेजारी बसून सांगणार, कोण भेटलं, कोणाची खिडकी बंद होती. फेरीला सव्वा तास, बघायला एक तास. सहा वर्षं, रोज. तापात मी मफलर गुंडाळून गेलेय. लोक कौतुकाने म्हणतात, "रोज फिरता, तब्येत छान ठेवलीत हो!" छान! घाण्याच्या बैलाचीही छानच असेल.

रागावू नकोस, पण हे शब्द मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आता पाच आठवड्यांपूर्वीचं. मी चार दिवस ऑफिसच्या ट्रेनिंगला गेले होते, हे तुला माहीत आहे. दातांच्या दवाखान्यात तारखा लिहिणाऱ्या बाईला कसलं रे ट्रेनिंग? तुलाही शंका आली नाही. मी समुद्रावर गेले होते. एकटी. फिरायला.

बाबांना समुद्राचं सांगून पाहिलं होतं, वर्षापूर्वी. त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त विचारलं, "मग फेरी?" विषय संपला. म्हणून या वेळी मी आधी आठवडाभर पहाटे उठून जादा फेऱ्या केल्या आणि संध्याकाळचेही फोटो दोन-दोन काढले. चार दिवसांचे चार संच, टॅबमध्ये वेगवेगळे ठेवले. दोरीवरचे कपडे बदललेले असावेत, आभाळ फार वेगळं नसावं, सगळं बघितलं. सुट्टीवर जायला एवढी मेहनत कैद्याने तुरुंग फोडायलाही केली नसेल. बाबांना सांगितलं, "मावशी फेरी करतील." मावशींचे गुडघे गेलेत, त्यांना सांगितलं, "चार वाजता शेजारी जाऊन बसा आणि सव्वापाचला रोजचा एक संच दाखवा. विचारलं तर आजच काढला म्हणायचं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी मागितलीही नव्हती.

समुद्राचं काय सांगू? पहिल्या संध्याकाळी मी त्या अनोळखी गावात तासभर चालले, आणि खोलीवर येऊन मोबाइल बघितला तर त्यात एकवीस दारं. आधी विषम नंबर, मग सम. पाण्याचा एकही फोटो नाही. पलंगावर बसून मी हसले आणि मग मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी मोबाइल खोलीतच ठेवला. वाटेल तिथे वळले. एका गल्लीतून तीनदा गेले, दुसरीत गेलेच नाही. कोणाला हिशेब द्यायचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी इकडे सतरा नंबरचे चित्रकलेचे मास्तर वारले. ते रोज फाटकाशी वेताच्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचे, माझ्या प्रत्येक फोटोत असायचेच. पेपरवाल्याने दारातूनच बाबांना सांगितलं, मास्तर गेले म्हणून. आणि सव्वापाचला मावशींनी तिसरा संच उघडला.

पुढचं मावशींनी मी परत आले त्या दिवशी मला फाटकाशीच गाठून, रडत रडत सांगितलं. बाबांनी भिंग लावलं आणि विचारलं, "हे आज काढलं?"

"आजच. तासापूर्वी."

"सतरा नंबरला कोण बसलंय?"

मावशींचं धाबं दणाणलं. मला दिलेली शपथ आठवली, मास्तर आठवले, आणि बिचारी बोलून गेली, "कुठे काय? खुर्ची रिकामी आहे की."

बाबांनी पुन्हा बघितलं. चष्मा पुसून बघितलं. मग टॅब उलटा ठेवला आणि म्हणाले, "दिवा लावा." एवढंच. चौथ्या दिवशीचा संच त्यांनी बघितला नाही.

तर हे तुझं लक्षण नंबर एक, धाकट्या. मेलेली माणसं दिसतात, असं तू डॉक्टरांना फोनवर सांगितलंस ते हेच.

तू विचारशील, आल्या आल्या का नाही सांगितलंस? पहिल्या दिवशी ओरडा खायची भीती. या वयात! दुसऱ्या दिवशी लाज. तिसऱ्या दिवशी चार वाजता मी निघाले, तर ते म्हणाले, "नको जाऊस. तिथे नसतं ते मला दिसतं. उगाच कशाला तुझे पाय दुखवायचे." मी बरं म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा चार वाजता खुर्चीत टेकून चहा प्यायले. तो चहा मला फार आवडला. हे मी तुझ्यापासून लपवणार होते, पण हीच तर खरी गोष्ट आहे. मग मी तो मास्तरांचा फोटो पुसून टाकला.

त्यानंतर सगळं आपोआप होत गेलं. बाबांनी फोनवर तुला मास्तर दिसल्याचं सांगितलं, तू घाबरलास, इथले डॉक्टर आले, त्यांनी बाबांना चित्रं दाखवून विचारलं, हे काय आहे? बाबा म्हणाले, "आधी तुम्हाला काय दिसतं ते सांगा." डॉक्टरांनी मान हलवून ते लिहून घेतलं. गोळ्या सुरू झाल्या, बाबा दुपारभर पेंगू लागले. तू तुझ्या गावातलं देखभाल केंद्र शोधलंस, एक तारखेला दाखल करायचं ठरवलंस आणि मला म्हणालास, "ताई, तू खूप केलंस. आता स्वतःसाठी जग." मी रडले, ते तुला कृतज्ञतेचं वाटलं.

आणि ऐक. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावी दवाखाना काढताहेत. सगळं मी सांभाळावं असं त्यांचं म्हणणं आहे. मी हो म्हटलंय. खोलीही बघून आले. तिला दोन खिडक्या आहेत.

काल बाबांचे कपडे निवडत होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तिथे मला काही दिसलं, तर ते खरंच आहे का हे मी विचारू कोणाला? तिथली माणसं माझ्या ओळखीची नाहीत."

हे पत्र इथे थांबवते. आत जाऊन येते.

दुपार

सांगितलं. सगळं, समुद्रासकट. त्यांच्या पायाशी बसून, खाली मान घालून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग म्हणाले, "म्हणजे मास्तर होते."

"होते. आधीच्या आठवड्यातले."

"निळा शर्ट. डावी चप्पल पायातून निघालेली. पेपर उलटा धरला होता, झोप लागली असणार."

"हो बाबा." मला स्वतःला चप्पल आठवत नव्हती.

"दाखव."

"पुसला मी तो."

त्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. आता फुटणार, असं मला वाटलं. मला वाटतं, मला तेच हवं होतं. त्यांनी ओरडावं, मी ओरडावं, सहा वर्षांचं सगळं बाहेर यावं. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला रे. ते हसले. दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं चाचपून म्हणाले, "अगं, शाबूत आहे की! मला वाटलं, गेलं. पाच आठवडे मी रोज सकाळी उठून पोरांची नावं मोजत होतो." आणि त्यांनी जेवायला मागितलं. दोनदा वाढून घेतलं. स्वतः दाढी केली, हनुवटीला कापून घेतलं. तुझा फॉर्म भिंग लावून पूर्ण वाचला आणि म्हणाले, "हे कोणासाठी?"

मी का गेले, ते त्यांनी विचारलं नाही. समुद्र कसा होता, हेही विचारलं नाही. एका शब्दानेसुद्धा नाही. मला त्यांचा इतका राग आला आणि ते इतके आनंदात होते, की तो कुठे ठेवावा हेच कळेना.

तर आता तुझी दोन पानं. बाबांना काहीही झालेलं नाही. जे झालं ते मी केलं. गोळ्यांचं उद्या सकाळी डॉक्टरांना भेटून सांगते. फॉर्म कोराच परत पाठवते आहे, कारण लक्षणांच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही उरलं नाही.

तुला ओळखते मी. वाचून तुला आधी हायसं वाटेल. मग तू फोन करशील आणि म्हणशील, "ताई, बरंच झालं म्हणायचं, सगळं पूर्ववत झालं." म्हणून आधीच विचारते, आणि उत्तर फोनवर नको, हाताने लिहून पाठव. आजारी बाबांना तू नेणार होतास. बरे असलेले बाबा नेशील का? केंद्रात नाही, तुझ्या घरी. त्यांची रोज फेरी करशील का? वर्षभर नको, सहा महिने. डॉक्टरीणबाईंना मी एक तारखेपर्यंत थांबायला सांगणार आहे.

उत्तर मला माहीत आहे असं वाटतं. तरी विचारलं. कारण आजपर्यंत मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं, नुसती खोटं बोलून पळून गेले होते.

चारला दहा कमी आहेत. मी बाबांना म्हटलं होतं, उद्यापासून जाईन. ते म्हणाले, "उद्या कशाला?" खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी माझे बूट मागून घेतले, मांडीवर जुना टॉवेल पसरला आणि पॉलिश केलं. इतकं छान पॉलिश मला या जन्मात जमणार नाही. दोन्ही बूट दाराशी ठेवले आहेत, नाड्या सैल करून, टाचा माझ्याकडे. नुसते पाय घालायचे.

तुझी, अजून इथेच असलेली,
ताई