मागच्या चाकांची हवा

फिनिक्स, १२ नोव्हेंबर १९८६

प्रिय त्र्यंबक,

मी बरा आहे. गोळ्या संपत आल्यात, छातीत मधूनच धडधडतं आणि इथला डॉक्टर माझं ऐकून घेण्याआधीच हसतो. ते असो. वाळवंटातली गंमत तुला सांगायची राहिली. गंमत त्यांची, आपली नव्हे.

आपण दोघांनी बत्तीस वर्षं एसटीच्या डेपोत टायर सांभाळले. गाडी वाळूत रुतवली की ड्रायव्हर चार दिवस आपल्याला तोंड दाखवत नसे. इथे शिकलेसवरलेले इंजिनियर गाडी वाळूत घालायला महिनाभर बेत आखतात. आमच्या शैलेंद्रने त्यासाठी खास जीप घेतली. टपावर चार दिवे, मागे उंच काठीला नारिंगी झेंडा. वरातीच्या घोड्यालाही लाज वाटेल असा थाट! दिवसा ऊन, म्हणून जायचं रात्री. इतके गुळगुळीत रस्ते असलेल्या देशात यायचं आणि रस्ता सोडून हिंडायचं, याला हे लोक फोरव्हीलिंग म्हणतात. मलाही नेलं, हवापालट म्हणून. सूनबाई शहाणी, डोकं दुखतंय सांगून घरी राहिली.

दोन जीपा, पाच माणसं. त्यांतला विक्रम हा शैलेंद्रचा जिवलग, नागपूरचा. वाळूच्या टेकड्यांपाशी पोचल्याबरोबर सगळे उकिडवे बसले आणि टायरांची हवा सोडू लागले. चांगल्या भरलेल्या टायरांची! तो फुस्स आवाज ऐकताच मी पुढे झालो. मी ओरडलो, तर विक्रम म्हणतो, "काका, रिलॅक्स! टायर मऊ केला की वाळूवर पसरतो, यार." ज्याने जन्मात टायरला ठिगळ लावलं नाही, तो मला शिकवणार! वर शैलेंद्र म्हणाला, "बाबा, तुम्ही खुर्चीत बसा बरं. इथलं तुम्हाला नाही कळायचं."

मग शेकोटी पेटवून, टेप लावून ते सँडविच खात बसले. मी गाड्यांपाशीच थांबलो. त्या गाण्यांपेक्षा अंधार बरा.

पुढे व्हायचं ते झालं. पहिली जीप टेकडीवर सरसर चढली. शैलेंद्रची अर्ध्यावर रुतली, मागची चाकं खड्डा खणत राहिली, गाडी आडवी फिरली आणि कलंडली. शैलेंद्रला खरचटलं, शेजारी बसलेल्या विक्रमचं गळ्याजवळचं हाड मोडलं. शैलेंद्रने बॅटरीच्या उजेडात मागची चाकं दाबून पाहिली. दगडासारखी टणक. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "सॉरी यार, मागची हवा सोडायला मीच विसरलो." मी त्याला तिथेच सुनावलं, की तू लहानपणापासून असाच वेंधळा.

याला तीन आठवडे झाले. जीप ताडपत्रीखाली आहे. विक्रमचा फोन दोनदा आला, शैलेंद्र घेत नाही. घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतो, गाडीतून परत येऊन गॅस तपासतो. स्वतःच्या डोक्यावरचा त्याचा भरवसाच उडाला आहे. अशी धाकधूक माझ्यासारख्या म्हाताऱ्याला शोभते, पस्तिशीतल्या माणसाला नाही.

त्र्यंबक, तो विसरला नव्हता. ते शेकोटीशी असताना मी जीपमधला पायपंप काढला आणि मागच्या दोन्ही चाकांत हवा भरली. एकेका चाकाला दीडशे वेळा पाय मारला. पुढच्यांसाठी दम उरला नाही. मला वाटलं, मी पोराला वाचवतोय. खरं तर मला त्यांना दाखवायचं होतं, की टायरमधलं मला कळतं. हे त्याच्यासमोर उभं राहून बोलायला मी रोज सकाळी जातो आणि चहा थंड झाला म्हणून कुरकुरून परत येतो. मला इंग्रजीत पत्ता लिहिता येत नाही, पाकिटावर तो शैलेंद्रच लिहितो. आणि माझे ऱ्हस्वदीर्घ सुधारल्याशिवाय पत्र पेटीत टाकत नाही. म्हणून आजही पाकीट चिकटवलेलं नाही. तुला हे पत्र मिळालं नाही तरी चालेल.

शैलेंद्र, शब्द चुकले असतील तर दुरुस्त कर. मजकूर मात्र आहे तसाच राहू दे. आणि विक्रमला आधी फोन लाव.

तुझाच,
श्रीराम