रिकामा रकाना

बुधवार, दुपार

प्रिय दशांश,

तू फोन उचलत नाहीस. कालपासून अकरा वेळा केला. बाराव्यांदा करायला गेले आणि माझाच मला राग आला, म्हणून कागद पुढे ओढला. हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवून निघून जाईन, बेल वाजवणार नाही. समजूत घालायला लिहीत नाहीये, घाबरू नकोस. ते मला जमतच नाही. तूच म्हणतेस ना, मी कुणाच्या सांत्वनाला गेले की त्या घरच्यांनाच माझं सांत्वन करावं लागतं.

सोमवारी मुलाखतीला बोलावलेल्यांची यादी लागली. आठ नावं, त्यात तुझं नाही. लागली म्हणजे काय, काचेवर बाहेरून चिकटवली, कारण सूचनाफलकाच्या कुलपाची किल्ली कधीच हरवली आहे. आत अजून नऊ वर्षांपूर्वीची जाहिरात पिवळी पडून लटकते आहे. तीच, जिच्या मुलाखतीला आपण दोघी गेलो होतो. तू यादी उभ्या उभ्या वाचलीस, पिशवी खांद्यावर सारखी केलीस आणि दुसऱ्या वर्षाच्या तासाला गेलीस, असं शिपाईकाकांनी मला सांगितलं. तास पूर्ण घेतलास, वर पाच मिनिटं जास्तच. मंगळवारी मात्र आली नाहीस. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मुलं वाट बघत बसली होती. त्यांना काय सांगावं ते सुचेना, म्हणून मी जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला दिली आणि बाहेर येऊन उभी राहिले.

या एका जागेसाठी आपण काय काय सोसलं ते आठवलं की डोकं भणभणतं. विभागातले तिघं एकामागून एक निवृत्त झाले. प्रत्येकाच्या निरोपाच्या भाषणात विभागप्रमुख म्हणाले, ही जागा लवकरात लवकर भरू. फाइल वर गेली की परत यायची. एकदा पानांवर आकडे नाहीत म्हणून, एकदा आकडे डाव्या कोपऱ्यात घातले म्हणून, एकदा तर ज्यांनी सही करायची तेच निवृत्त झाले म्हणून. आणि संख्याशास्त्र विभागाच्या फाइलमध्ये रिकाम्या जागा पहिल्या पानावर चार आणि शेवटच्या पानावर तीन! मी ते दाखवलं तर विभागप्रमुख, म्हणजे आपले सर, डोळे मिटून म्हणाले, बघू या. त्यांचं अख्खं आयुष्य 'बघू या'वर निघालं. शेवटी दोन जागांची जाहिरात आली. काकूंनी, तुझ्या आईने, मला फोन करून विचारलं की आता दोघी पुन्हा एका खोलीत बसणार का. आठ दिवसांत शुद्धिपत्रक निघालं, दोन नव्हे, एकच. जागा एक, अर्ज एकशे त्रेचाळीस. आणि तुझ्या वयाला आता एवढी एकच जाहिरात उरलेली. पुढची येईपर्यंत वयाची अट तुला दाराबाहेर काढणार, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

याच सरांनी, तेव्हाच्या आपल्या मार्गदर्शकांनी, आपल्याला ही टोपणनावं ठेवली त्याला सोळा वर्षं झाली. तू दशांशचिन्हापुढच्या तिसऱ्या आकड्यासाठी त्यांच्याशी तासभर वाद घालायचीस, म्हणून तू दशांश. मला तीन परीक्षांत लागोपाठ वर्गाच्या सरासरीइतकेच गुण पडले, म्हणून मी सरासरी. तेव्हा कुणी पैज लावली असती की सरासरी नोकरीत कायम होईल आणि दशांश तासांच्या हिशोबाने पैसे घेत तासिकेवर राहील, तर आपणच हसलो असतो. आज तुला बसायला प्रत काढायच्या यंत्राशेजारचं अर्धं टेबल आहे. यंत्रात कागद अडकला की तू उठतेस, तो काढतेस आणि पुन्हा बसतेस. खडू घरून आणतेस. आणि शिकवतेस कशी? मी दाराबाहेर उभी राहून ऐकलंय, कैकदा. पहिल्या वर्षाला तू दरवेळी तोच दाखला देतेस. पाऊस मोजणारा माणूस आठवडाभर रजेवर गेला, त्याच्या वहीतली सात पानं कोरी. म्हणजे त्या आठवड्यात पाऊस पडलाच नाही का? सगळा वर्ग एका सुरात नाही म्हणतो. मग तू फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितेस, कोरं म्हणजे शून्य नव्हे. तुझे विद्यार्थी बाकी सगळं विसरतात, हे विसरत नाहीत.

तर सोमवारची अख्खी दुपार मी विभागप्रमुखांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. माझी खात्रीच होती की कुणाचा तरी वशिला लागलाय. आठ नावांतलं एकेक नाव घेऊन मी त्यांचे मामे-चुलते शोधत बसले. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर बसून एक शब्द बोलले नाही, तर त्यांनी विचारलं की दात दुखतोय का. मंगळवारी सकाळी कारकूनबाईंच्या मागे लागून गुणांचा तक्ता छापून घेतला. म्हटलं, आता चोर मुद्देमालासकट पकडते. पट्टी घेऊन ओळ ओळ बघत गेले. सत्त्याऐंशीव्या ओळीवर तू होतीस.

थांब, त्याआधी एक जुनं सांगायचं आहे. नऊ वर्षं जिभेवर आहे आणि दरवेळी गिळलंय.

त्या मुलाखतीला तुझा नंबर माझ्या आधी होता. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तुला फळ्यावर एक उदाहरण घातलं. त्यात चूक होती. तू ती त्यांना दाखवलीस, सौम्यपणे, पण दाखवलीस. बाहेर आलीस तेव्हा तुझ्या बोटांना खडू होता आणि तू मला हळूच म्हणालीस, "प्रश्नच चुकीचा आहे, सांभाळ." मी आत गेले. तोच प्रश्न आला. चूक मला दिसत होती, तू सांगितलं नसतंस तरी दिसली असती. मी त्यांना हवं होतं ते उत्तर लिहिलं. ते खूश झाले. बाकी माझ्यात आणि तुझ्यात त्या दिवशी काही फरक नव्हता, असलाच तर तो तुझ्या बाजूचा होता. मला नोकरी लागली, तू मला पेन भेट दिलंस आणि तेव्हापासून तू बैठकीत, खोलीत, कुठेच तोंड उघडलं नाहीस. त्या एका दुपारने मला कायम केलं आणि तुला गप्प. लाज वाटते मला, आणि ती तेव्हाही वाटत होती.

आता ओळ सत्त्याऐंशी. पदवीला तीस गुण, शोधनिबंधांना तीस, अनुभवाला वीस आणि विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला वीस. तुझे पहिले तीन रकाने भरलेले. चौथा कोरा. कारण आपल्याकडे सत्राच्या शेवटी मुलांकडून अभिप्रायाचे कागद भरून घेतात ते फक्त कायम शिक्षकांचे. तासिकेवरच्यांचे कशाला, कागद वाचेल, असं सर एका बैठकीत म्हणाले होते आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. बाहेरून अर्ज केलेल्या प्रत्येकाकडे अभिप्राय आहे. तासिकेवर शिकवणाऱ्यांकडेसुद्धा. एकशे त्रेचाळीस अर्जांत तो रकाना एकटीचाच कोरा, तुझा. आणि तक्त्याने कोऱ्याला शून्य धरलं. तुला शंभरातले एकसष्ट पडले आणि तू अकरावी आलीस. खरं म्हणजे ते ऐंशीतले एकसष्ट होते. तसे धरले तर तू तिसरी येतेस.

तो तक्ता मी केला होता, दशांश.

तू अर्ज केलास म्हणून मी समितीत बसणार नाही असं आधीच लिहून दिलं होतं. तेव्हा सर म्हणाले, निदान बेरजेचा तक्ता तरी बांधून दे, तक्त्याला कुठली आलीय मैत्री. मी बांधला. कारकूनबाईंनी अर्ज बघून आकडे भरले आणि मी एकेक ओळ अर्जाशी ताडून पाहिली. एकशे बेचाळीस ओळी ताडल्या. तुझ्या ओळीवर मी पोस्टकार्ड ठेवलं. मैत्रिणीचे गुण हिने बघितले, असं उद्या कुणी म्हणायला नको म्हणून. फार अभिमान वाटला होता त्या पोस्टकार्डाचा. ते उचललं असतं तर कोरी जागा दिसली असती, आणि पहिल्या वर्षाच्या पोराला जे कळतं ते मलाही कळलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन दिवस मी ज्या चोराला शोधत होते तो माझ्याच खुर्चीत बसला होता.

काल दुपारी सरांकडे गेले. सगळं सांगितलं, तक्ता पुढे ठेवला. त्यांना पटलं, हे जास्त लागलं मला. म्हणाले, यादी लागली, आता एक धागा ओढला तर सगळंच उसवेल. आठव्या क्रमांकाच्या माणसाला काय सांगायचं? ते खोटं नाही. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, त्याला माझ्यामुळे बोलावणं गेलं आणि माझ्यामुळेच रद्द होईल. मी म्हटलं, मी चूक लेखी कबूल करते. तर म्हणाले, नियमाप्रमाणे हरकत उमेदवारानेच घ्यायची, लेखी आणि पुराव्यासह, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. दुसऱ्या कुणाचं पत्र समिती वाचतसुद्धा नाही. मग पुन्हा डोळे मिटून त्यांनी जे म्हटलं ते मी तुला जसंच्या तसं सांगते, कारण ते ऐकून तुला राग यायला हवा.

"ती कुठली हरकत घेतेय? नऊ वर्षांत कधी एक शब्द बोलली नाही."

म्हणून हे पत्र. फोनवरचं बोलणं अर्जाला जोडता येत नाही, पत्र जोडता येतं. तू दोन ओळींची हरकत लिही आणि हे पत्र पुरावा म्हणून मागे लाव, सगळी पानं. सरांबद्दल वर जे लिहिलंय ते खोडणार होते, मुलाखतीची गोष्ट तर काढूनच टाकणार होते. पण पान फाडलं तर उद्या म्हणतील पुरावा अर्धवट आहे. राहू दे, वाचू देत. माझं काय होईल ते बघू या. बघ, मलाही लागली ती सवय. समितीला टोपणनाव चालायचं नाही, म्हणून त्याखाली सही, हुद्दा आणि तारीख घातली आहे. नऊ वर्षांपूर्वी तू मला दारात सावध केलं होतंस आणि मी आत जाऊन गप्प बसले. प्रश्न चुकीचा आहे, असं या वेळी मी लिहून दिलंय. तू फक्त शुक्रवारी पाचच्या आत ये.

तुझीच,
सरासरी

(सही, तारीख)
सहायक प्राध्यापक, संख्याशास्त्र विभाग