रविवार माझा नाही

२७ एप्रिल १९५७, शनिवार
मोटारींची शर्यत जिंकलो! जुन्या लष्करी धावपट्टीवर वीस फेऱ्या, आणि दुसरा आलेला गडी अठरा सेकंद मागे. कप मात्र इतका बारका की आई म्हणाली, "यात फार तर एक अंडं उभं राहील, गिडी."

घरी आलो तर वरच्या कुरणात एक मेंढी अडलेली. पिलाचं डोकं पुढे, पाय मागे. बाबांची बोटं जाड, म्हणून असलं काम माझ्याकडे. तीनदा हात धुतले तरी इंजिनाच्या तेलाचा वास जाईना. पिल्लू निघालं, धडपडत उभं राहिलं. बाबा म्हणाले, "हलका हात आहे तुझा. चांगल्या कामाला लाव."
कपाबद्दल चकार शब्द नाही!

३० एप्रिल
कुठे बूड टेकत नाही. ट्रॅक्टर चालवताना कुंपणाच्या फाटकाआधी उगाचच गिअर बदलतो — जणू वळण आलंय. ट्रॅक्टर बिचारा कण्हतो.

४ मे
एडिंबराला गेलो. गॅरेजमध्ये शिरताच मोटारीखालून वॅटीचा आवाज — "या, मेंढ्यांचे महाराज! पाय पुसून या." वॅटी आमचा मुख्य मेकॅनिक. त्याने कधी कुणाला सरळ 'ये' म्हटलेलं नाही.

वर मिस्टर कारमायकेल वाट बघत होते. मोटारी त्यांच्या, लोकरीच्या गिरण्याही त्यांच्याच. म्हणाले, बेल्जियमची शर्यत, तीन लिटर इंजिनाची मोटार, ३० जून. मोटारी बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांची माणसं बघायला असतात. तिथे चमकलास तर पुढे सगळा युरोप. नाहीतर आयुष्यभर धावपट्टीवर अंड्याचे कप गोळा कर.
मी विचारलं, "३० जूनला वार कोणता?"
वॅटी खालून म्हणाला, "तिकडे रविवारी देव स्वतः मोटारी बघायला येतो, गिडी."
एका आठवड्यात सांगायचंय. अठ्ठावीस पुरी होतील ऑगस्टमध्ये. पुन्हा कोण विचारणार?

५ मे, रविवार
सकाळी चर्च, दुपारी चर्च. रविवारी आमच्याकडे काम नाही, खेळ नाही, म्हणून बटाटे आईने कालच सोलून ठेवलेले. शेजारच्या खोऱ्यातून एक मोटारसायकल गेली, तर बाबांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं — आणि मग माझ्याकडे.

बाबा बावीस वर्षं चर्चचे पंच. पंचाचं स्वतःचं घर ताळ्यावर हवं, हा नियम. गेल्या वर्षी शेजारी डॉड्सच्या पोराने रविवारी मासे धरले, तेव्हा डॉड्सला भरबैठकीत जाब विचारला तो बाबांनीच. आता त्यांचाच मुलगा रविवारी, हजारो लोकांसमोर, तोही पैसे घेऊन! मी गेलो तर त्यांना खोऱ्यात मान वर करता येणार नाही. नाही गेलो तर मला.

८ मे
बाबांना सांगितलं नाही.

९ मे
आजही नाही. लापशी खाताना तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

१० मे, शुक्रवार
सांगितलं एकदाचं. डोंगराकडचा दगडी बांध ढासळलाय, तो दोघं रचत होतो. बाबांचं लक्ष दगडांकडेच.
म्हणाले, "कुरण माझं आहे, ते देतो. मेंढ्या देतो. रविवार माझा असता तर तोही दिला असता, पोरा. रविवार माझा नाही."
"मग विचारू कुणाला?"
"ते तुला ठाऊक आहे."
माझा तोल गेला. ओरडलोच, "पंचगिरी मोठी की मुलगा?"
त्यांनी एक दगड उचलला, फिरवून पाहिला, बसवला. पुन्हा काढला. उलटा करून बसवला. मी तसाच खाली निघून आलो. असं बोलायला नको होतं. पण बोललो ते खोटं होतं का?

११ मे, शनिवार
अकरा वाजता टपाल कचेरीतून फोन केला. मिस्टर कारमायकेलना म्हणालो — हो! खिडकीमागच्या बाईंचे कान टवकारलेले. म्हणजे चहाच्या वेळेपर्यंत खोऱ्यातल्या मेंढ्यांनाही कळलं असणार.

२ जून
बाबा बोलत नाहीत. मीही नाही. निरोप आईमार्फत. "त्याला सांग, खालचं फाटक उघडं राहिलं." मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला!

२२ जून, शनिवार
आमच्याकडची लोकर कातरणी. रिवाजाप्रमाणे सगळे शेजारी आपापल्या कात्र्या घेऊन हजर. रॉबसन म्हणाला, "गिडी, मेंढी जरा हळू कातर. ही काय पदक देणार नाही तुला." हसलो सगळे.
मग डॉड्स. मुद्दाम मोठ्याने. "माझ्या पोराने तीन मासे धरले होते. तू किती धरणार?"
कुणी हसलं नाही. बाबांची कात्री थांबली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील — त्याला, नाहीतर मला. मग कात्री पुन्हा चालू झाली. दोन मेंढ्यांना जखम केली. असं कधी होत नाही माझं.

३० जून, रविवार, बेल्जियम
दुसरा!! कारखान्याच्या दोन मोटारी माझ्या मागे!

सकाळी इथेही घंटा वाजत होत्या. वाटलं, आता घरी बाबा काळा कोट घालत असतील. मग झेंडा पडला आणि काहीच वाटेनासं झालं. अर्ध्या रस्त्यावर पाऊस, अर्धा कोरडा ठणठणीत. झाडीतल्या उतारावर मोटार चक्क आडवी सरकली. मी हातांना काही सांगितलं नाही, त्यांचं त्यांनीच सावरलं. दोन तास मला कुठे जायचं नव्हतं, काही व्हायचं नव्हतं. इतकं निवांत आयुष्यात वाटलं नाही. आणि तेही रविवारी! देवा, माफ कर. पण खरं तेच लिहितोय.

वॅटी मिठी मारून म्हणाला, "मेंढ्या विकून टाक, गाढवा." मोटारीतून उतरल्यावर अर्ध्या तासात तीच जुनी तगमग परत.

४ जुलै
घरी पोचलो.
"आलास?"
"आलो."
"जेव."
पंचावन्न दिवसांनी त्यांच्याकडून दोन शब्द मिळाले.

९ जुलै, मंगळवार
कारखान्याचं पत्र आलं. सहा शर्यती. सहाही रविवारच्या.

पण डोक्यात दुसरंच. २१ तारखेला चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर. त्याआधी पंच घरोघर चिठ्ठ्या वाटतात. चिठ्ठी नाही त्याला भाकर नाही. आमचं घर बाबांच्याच वाटणीत! म्हणून दर वर्षी ते काळा कोट चढवतात, स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडतात, घराला वळसा घालतात आणि आपल्याच घराचं पुढचं दार वाजवतात. आई दार उघडून म्हणते, "या, मिस्टर टर्नबुल." पंच खुर्चीच्या कडेवर बसतात, चिठ्ठ्या देतात, हवापाण्याचं बोलतात आणि जातात. दोन मिनिटांनी मागच्या दाराने येऊन विचारतात, "काय शिजवलंयस?" लहानपणी मी पोट धरून हसायचो.

यंदा हसू येत नाही. मला चिठ्ठी दिली तर डॉड्स गावभर बोंबलेल — स्वतःच्या पोराला वेगळा नियम! नाही दिली तर बाकावर बसून भाकरीचं ताट माझ्यापुढून जाताना बघायचं. वाढणार बाबाच. आईला विचारलं. म्हणाली, "दार वाजेल तेव्हा बघू."
गुरुवारी येतात ते. दोन दिवस!

११ जुलै, गुरुवार
चार वाजता पुढचं दार वाजलं. बाबा माझ्यासमोर बसले होते. अंगात साधा स्वेटर, पायांत नुसते मोजे.

दारात रॉबसन, तोही पंचच. काळ्या कोटात घामाघूम झालेला. आईला चिठ्ठी दिली. मला दिली. मग तिसरी काढली, खाली बघत म्हणाला, "थॉमस." बाबा उठून उभे राहिले आणि दोन्ही हातांनी चिठ्ठी घेतली.

रॉबसनला फाटकापाशी गाठलं. म्हणाला, "अकरा मेलाच पंचगिरी सोडली त्याने. सकाळी नऊ वाजता पाद्रीबुवांच्या दारात उभा होता. जुलैच्या बैठकीपर्यंत गुप्त ठेवा, म्हणाला. पोराला कळलं तर तो जायचा नाही."

फाटक धरून रडलो.

मी फोन केला तेव्हा अकरा वाजले होते.