मोर उभाच राहतो

शुक्रवार, संध्याकाळ

उलटा दुमडून टॅबसारखा धरायचा हा लॅपटॉप. पण विंडोज काढून लिनक्स टाकल्यापासून तसा धरला की स्क्रीन उलटी. नानांनी मागावर कामाला असताना चादरीसाठी काढलेल्या मोराचा फोटो त्यात आहे, तो मोरही डोक्यावर उभा. लकवा मारल्यापासून नाना एका कुशीवर पडून असतात. सकाळपासून एकच धोशा, "मोर दाखव की गं."

कामावरनं आल्यापासून तेच करत बसले. सेन्सर दिशाच उलटी सांगत होता. फाईलमधले आकडे बदल, रीस्टार्ट कर, परत उलटं. रडायला आलं. शेवटी जमलं! कसाही फिरवा, मोर उभा.

धावत नानांच्या उशाशी गेले. त्यांच्या तोंडासारखा आडवा धरला, तर मोर गर्रकन फिरून पुन्हा छताकडे डोकं करून उभा. परत धरला, परत तेच. नाना आडवे आहेत हे यंत्राला कुठनं कळणार? पण मी त्यांची लेक, मला? स्क्रीनचं फिरणं नुसतं बंद करायचं होतं. बस्स, एवढंच.

तेवढ्यात नानांनीच मोराकडे मान वळवायला घेतली. किती दुखत होतं त्यांना.

"दिसतोय की, छान दिसतोय," म्हणाले.

डोळे घट्ट मिटलेले होते.